लाजऱ्या कारंज्याचं गणित

मी बागेच्या तिकीटखिडकीत बसते. खिडकीच्या वर हातभर अक्षरांत 'तिकीट' असं रंगवलेलं आहे, तरी लोक वाकून विचारतात, "तिकीट इथेच मिळतं का?" पूर्वी मी हो म्हणायचे. आता नुसती बघते. माझ्या नाकावर राग असतो असं बागेतले सगळे म्हणतात. ते खरंच आहे, पण म्हणणाऱ्यांनी आधी त्या खिडकीत आठवडाभर बसून दाखवावं.

खिडकीतून समोर फाटक दिसतं आणि मान जरा डावीकडे वळवली की कारंजं. मला फाटकापेक्षा कारंजं बघायला आवडतं, कारण ते काही विचारत नाही. ते सांभाळायचं काम कारंजेकाकांचं. माझ्यापेक्षा ते फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे असतील, पण सगळी बाग त्यांना काका म्हणते म्हणून मीही म्हणते. हडकुळी अंगकाठी, डोक्यावर टोपी, पायात रबरी बूट आणि खिशात पाना.

काकांचा स्वभाव म्हणजे एक प्रकरणच आहे. अख्खं बाकडं रिकामं असलं तरी ते टोकावर बसणार. न जाणो, कोणी आलं तर! हत्यारांच्या खोलीत शिरताना दार वाजवणार. आत फावडी आणि घमेली सोडून कोणी नसतं हे त्यांनाही ठाऊक, पण वाजवणार. एकदा माझ्या खिडकीशी त्यांना जोरात शिंक आली. त्यांनी आधी माझी माफी मागितली, मग रांगेतल्या लोकांची, आणि जाता जाता कुंडीतल्या रोपाकडे बघूनही मान झुकवली. असा माणूस समोर आला की माझ्यासारखीचा जीव वरखाली होतो. "अहो, जरा अंग पसरून जगा की," असं मी त्यांना कितीदा तरी सुनावलंय. त्यावर ते म्हणायचे, "बरं ताई." आणि आणखी थोडे आक्रसून बसायचे.

पाण्याचा जोर कमी-जास्त करायचं चाक कारंज्याच्या मागे, दाट झुडपांच्या पलीकडे, एका कंबरभर खोल खड्ड्यात आहे. काका दिवसभर त्या खड्ड्यात असायचे. फांद्यांच्या फटीतून त्यांना बाहेरची माणसं दिसायची. बाहेरच्यांना फक्त त्यांची टोपी.

कारंज्याला लोकांनी नाव ठेवलं होतं, लाजरं. लांबून बघावं तर पाणी झोकात उंच उडतंय, आणि जवळ जाऊन कठड्याला टेकावं तर ते खाली बसतंय. मुलं चवड्यांवर चालत, श्वास रोखून त्याच्याकडे जायची, त्याला चाहूल लागू नये म्हणून. पण लागायचीच. मोठी माणसं तक्रार घेऊन माझ्याकडे यायची, जसं काही मीच आत बसून फुंकर मारतेय. "पंप म्हातारा झालाय," मी सांगून टाकायचे. काकांचाही तोच समज. "हल्ली दम धरत नाही बिचारा," म्हणायचे आणि पंपाला तेल घालायचे.

मग बागेला नवे साहेब आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता घड्याळाकडे बघायची खोड. पहिल्याच फेरीत ते कारंज्यापाशी गेले आणि कारंजं खाली बसलं. साहेब दोन पावलं मागे आले, ते उठलं. पुन्हा पुढे गेले, पुन्हा बसलं. आपली टिंगल चाललीय असं वाटून साहेबांचे कान लाल झाले.

"बंद करा हे," ते म्हणाले. "माती टाकून भरून घ्या. फुलांचा वाफा करू. आणि काका, तुम्ही झारी घेऊन रोपांना पाणी घालत जा. पगारात काही फरक पडणार नाही."

"बरं साहेब," काका म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही. तसाच मांडीवर घेऊन बाकड्याच्या टोकावर बसून राहिले. मला राहवेना. खिडकीवर 'पाच मिनिटांत येते'ची पाटी लावली आणि गेले.

"झारीत काय वाईट आहे, ताई," ते म्हणाले. "पाणीच ते. पण ते सरळ खालीच पडतं हो."

मी साहेबांना मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि परत येऊन बसले.

आता काकांच्या सुनेबद्दल सांगायला हवं. ती शाळेत गणित शिकवते. लग्न होऊन घरात आल्यापासून काका तिला अहो-जाहो करायचे. शिक्षिका ना! गणिताशी काकांचं शाळेतच वाजलं होतं, आणि आता तेच गणित सून होऊन घरी राहायला आलेलं. काकू एकदा हसत हसत मला म्हणाल्या, "आमच्याकडे सासरा कोण आणि सून कोण, पाहुण्याने ओळखून दाखवावं. ती खोलीत आली की हे उभे राहतात." सूनबाईला अगदी अवघडल्यासारखं व्हायचं. "बाबा, मला अगं म्हणा हो," ती म्हणायची. "बरं, म्हणत जाईन तुम्हाला," काका उत्तर द्यायचे.

डबा भरलेलाच घरी परतला आणि दुसऱ्या दिवशी सूनबाई बागेत हजर. माझ्याशी एक शब्द न बोलता तडक साहेबांच्या खोलीत. ती खोली आणि माझी खिडकी यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची भिंत आहे, त्यामुळे मला कान लावावा लागला नाही. जरा मागे सरकून बसले, इतकंच.

"लोकांची तक्रार आहे की जवळ गेलं की कारंजं दिसत नाही," सूनबाई सांगत होती. "मग लोकांना त्याच्या खालूनच जाऊ द्या ना. तुम्ही शेजारून नवी पायवाट काढताय. तिच्या अलीकडे कट्टा आहे. कट्ट्यावरून पाणी उडेल, पायवाटेवर कमान धरेल आणि पलीकडे दगडी कुंडात पडेल."

"आणि खालचे लोक भिजतील," साहेब म्हणाले.

"नाही भिजणार."

"कशावरून?"

"गणितावरून."

साहेब बहुधा घड्याळ सोडून पहिल्यांदाच समोरच्या माणसाकडे बघत असावेत. मग ते म्हणाले, "ठीक आहे. पायवाट उघडायच्या दिवशी त्याखालून पहिला मी जाणार. मातीची गाडी फाटकात उभी असेल. या शर्टावर एक थेंब जरी पडला, तर ती गाडी तिथल्या तिथे रिकामी होईल."

झालं! काकांच्या कारंज्याचा जीव साहेबांच्या शर्टावर टांगला गेला.

जुनी तोटी कट्ट्यावर आणून बसवली, नळ जोडला. चाक होतं तिथेच, खड्ड्यात. आता खरं तर पाणी सोडायचं, कुठे पडतं ते बघायचं आणि तिथे कुंड बांधायचं, इतकं सोपं काम. पण पायवाटेच्या पलीकडच्या अर्ध्या भागात फरशी नुकतीच बसवली होती आणि तिचं सिमेंट ओलं होतं. गवंड्याने पायवाटेच्या मधोमध दोन पुरुष उंचीचे पत्रे उभे केले आणि बजावलं, "पत्र्याच्या पलीकडे पाण्याचा लोट आला तर फरशी उखडेल. मग मला बोलवायला येऊ नका." सिमेंट वाळेपर्यंत थांबावं, तर कुंड वेळेत बांधून होणार नाही. म्हणजे पाणी अर्ध्या वाटेपर्यंतच बघायला मिळणार, आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत ते काय करेल ते न बघता ओळखायचं.

"त्यात काय," सूनबाई म्हणाली. माझ्या खिडकीशी रांग नव्हती, म्हणून ती तिथेच उभी राहून आम्हाला समजावू लागली. "उडवलेलं पाणी एका ठरावीक वळणाने जातं. त्या वळणाला अन्वस्त म्हणतात."

मला ते एखाद्या दुखण्याचं नाव वाटलं.

"त्याचा नियम साधा आहे. कट्ट्यापासून जितकं अंतर, त्याचा वर्ग करून त्याला अ ने गुणायचं. नुसत्या अंतराला ब ने गुणायचं. दोन्हींची बेरीज करून त्यात क मिळवायचा. झाली त्या जागची पाण्याची उंची."

"आणि हे अ, ब, क कोण?" मी विचारलं.

"तेच तर शोधायचे. तिघं अनोळखी आहेत, म्हणून तीन बिंदू हवेत. दोन बिंदूंमधून अशी वळणं हवी तितकी काढता येतात. तिसरा बिंदू दिला की एकच उरतं."

"म्हणजे अलीकडे तीनदा मोजलं की पत्र्यापलीकडचं कळणार?" काकांनी विचारलं. "न बघता?"

"न बघता, बाबा."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा टोपी घातली. त्यांचा विश्वास बसला नव्हता. पण बाईंना तसं म्हणायचं कसं?

मोजायला सुरुवात झाली. पहिला बिंदू म्हणजे तोटीचं तोंड. अंतर शून्य, उंची एक मीटर. तो सोपा, पाणी न सोडताच मिळाला. मग काका खड्ड्यात गेले, पाणी सुरू झालं आणि सूनबाई खुणांची उंच काठी घेऊन कट्ट्यापासून एक मीटरवर उभी राहिली. काठी पाण्यात घुसली की पाणी तिच्यावर फुटतं आणि खाली उडतं. शिंतोडे चष्म्यावर येताच सूनबाईला काठीवरच्या आकड्याशिवाय काही दिसेनासं झालं. मी छत्री शोधायला खिडकीकडे धावले. पाठमोरी असतानाच ऐकलं, "दीड मीटर!" छत्री घेऊन आले तोवर ती पत्र्याला लागून, दोन मीटरवर उभी होती. मी तिच्या डोक्यावर छत्री धरली, तिने चष्मा पुसला आणि काठी उंच उंच नेली. "तीन मीटर!"

मग माझ्या खिडकीच्या फळीवर कागद ठेवून गणित सुरू झालं. मला वाटलं होतं पानंच्या पानं भरतील, पण ते भाजी निवडण्यासारखं निघालं. अंतर शून्य घातलं की अ आणि ब दोघंही गळून पडतात आणि उरतो क. तो एक. पुढे एक मीटरचा बिंदू घातला, तर अ आणि ब मिळून अर्धा. दोन मीटरचा घातला, तर चार अ आणि दोन ब मिळून दोन, म्हणजे दोन अ आणि एक ब मिळून एक. एकातून दुसरं वजा केलं.

"अ अर्धा. ब शून्य," सूनबाई म्हणाली आणि पुन्हा आकडे तपासायला लागली.

"मग आनंद आहे की," मी म्हटलं.

"नाही ना. अ ऋण यायला हवा. ऋण असला की वळण वर जाऊन खाली येतं. धन असला की…" तिने कागदावर काढून दाखवलं. तोंड वर केलेली वाटी. "आपलं पाणी खाली येतच नाहीये. चार मीटरवर ते नऊ मीटर उंच आहे. आणि पुढे चढतच चाललंय."

"साहेब कोरडे राहतील," मी म्हटलं. "कुंड तेवढं ढगात बांधावं लागेल."

सूनबाई हसली नाही. काका हातातली टोपी पिळत म्हणाले, "तुमचं गणित चुकणार नाही हो. कारंजंच चुकलं असेल. मी बघतो त्याच्याकडे."

पुन्हा मोजलं. छत्री या वेळीही मी दोन मीटरच्या मोजणीलाच नेली, कारण मध्येच एक गृहस्थ खिडकीशी येऊन 'बाग कधी बंद होते' विचारत बसले. पुन्हा दीड, पुन्हा तीन. पाणी पुन्हा आकाशात. तिकडे गवंडी घमेल्यावर बसून विचारत होता, कुंडाचा पाया कुठे खणू ते आज सांगणार की नाही. सूनबाईचा चेहरा उतरला. वर्गात चाळीस मुलांना जे डोळे मिटून शिकवते, ते इथे एका तोटीपुढे चालेना. काका तिच्याकडे असे बघत होते की जणू घरातल्या पाहुण्याला त्यांच्याच खुर्चीचा खिळा लागला.

"असं करू," ती शेवटी म्हणाली. "काठी तुम्ही धरा. मी बाबांजवळ खड्ड्यात बसते. पंप दम कुठे सोडतो ते ऐकायला हवं."

"मला भिजवलंत तर याद राखा," मी झुडपांकडे बघून ओरडले आणि काठी घेऊन एक मीटरवर उभी राहिले. दोन्ही हात काठीला, त्यामुळे छत्रीचा प्रश्नच नव्हता.

पाणी माझ्या डोक्याच्या चांगलं वर होतं. मी काठी उचलायचा अवकाश, ते सावकाश खाली यायला लागलं. अगदी अदबीने. आणि झुडपातून सूनबाईचा आवाज आला.

"बाबा."

"काय हो?"

"तुमचा हात काय करतोय?"

काकांनी म्हणे आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. हे मला सूनबाईने नंतर सांगितलं. बोलणं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं.

"ताई उभ्या आहेत ना तिथे," काका म्हणाले. "भिजतील."

"आणि मी उभी होते तेव्हा?"

"तुम्ही तर शाळेचे कपडे घालून आलात."

"आणि छत्री आल्यावर?"

"छत्री होती की. मग सोडलं पूर्ण."

मी काठी टाकली आणि तिथेच ओल्या जमिनीवर बसकण मारली. इतकी वर्षं! इतकी वर्षं हा माणूस, कोणी कठड्याशी आलं की त्याच्या अंगावर शिंतोडा उडू नये म्हणून चाक फिरवत होता, आणि आपण फिरवतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. हात आपोआप चालायचा. इकडे मी शेकडो लोकांना पंपाचं म्हातारपण समजावत बसले होते.

"म्हणजे पंप…" मी ओरडले.

"पंप ठणठणीत आहे!" झुडपातून उत्तर आलं. सूनबाईला हसू आवरत नव्हतं. "माझा दुसरा बिंदू दुसऱ्याच कारंज्याचा होता हो! दोन बिंदू या पाण्याचे, एक त्या पाण्याचा. गणित बिचारं सांगत होतं, असं पाणी जगात नाही म्हणून. मीच ऐकत नव्हते."

मीही हसायला लागले. पण काका झुडपातून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून माझं हसू जागच्या जागी थांबलं.

"म्हणजे मी लोकांना ते कधी बघूच दिलं नाही," ते म्हणाले. "आणि पंपाला तेल घालत बसलो, ताई. त्याला थकलेला म्हणत होतो."

मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी ओरडते, म्हणून मी गवंड्यावर ओरडले, "बघतोस काय, पायाच्या जागेवरची माती तरी काढायला लाग!"

"कुठली जागा?" तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

सूनबाईने काठी उचलली. "बाबा, मी परत उभी राहते. छत्री नको. या वेळी मला भिजवा."

"छे छे! भलतंच काय!"

"नाहीतर साहेब भिजतील."

काका खड्ड्यात उतरले. पाणी उडालं, सूनबाई उभी राहिली, आणि पाणी खाली. "बाबा!" पाणी वर. पुन्हा खाली. काका हातांवर बसून बघत होते म्हणे, पण काठीवर पाणी फुटलं रे फुटलं की हात सुटून चाकावर. शेवटी त्यांनी खिशातला पाना काढला, चाकाचा नट सोडवला आणि चाक काढून माझ्या हातात दिलं. "घेऊन जा, ताई. मी मागितलं तरी देऊ नका."

आता पाण्याला कोणाची भीड नव्हती. सूनबाई एक मीटरवर गेली आणि काठी वर केली तसं पाणी फुटून धो धो तिच्या अंगावर. चष्मा, केस, शाळेचे कपडे, काही म्हणजे काही कोरडं राहिलं नाही. "अडीच!" ती आनंदाने किंचाळली. तशीच दोन मीटरवर गेली. "तीन!" आणि खात्री करायला म्हणून परत एक मीटरवर.

"अगं, पुरे की आता! सर्दी होईल! ये इकडे!" काका झुडपातून ओरडले.

सूनबाई काठी धरून तशीच थांबली. "अगं म्हणाले," ती मला म्हणाली. मग भिजलेल्या बाहीनेच भिजलेला चष्मा पुसायला लागली.

या वेळी कागद ओला झाला म्हणून गणित माझ्या खिडकीसमोरच्या कोरड्या फरशीवर खडूने केलं. क एकच. अ आणि ब मिळून दीड. दोन अ आणि एक ब मिळून एक. अ निघाला वजा अर्धा, ब निघाला दोन. तीन मीटरवर, म्हणजे पायवाटेच्या पलीकडच्या काठाला, पाणी अडीच मीटर उंच. अलीकडच्या काठाला होतं तितकंच. आणि चार मीटरवर एक मीटर, म्हणजे नेमकं कट्ट्याच्या उंचीवर. "कुंड चार मीटरवर, काठ एक मीटर उंच," तिने गवंड्याला सांगितलं. त्याने पत्र्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि कुदळ उचलली.

पायवाट उघडायच्या दिवशी मातीची गाडी खरोखर फाटकात येऊन उभी राहिली. ड्रायव्हर माझ्या खिडकीला टेकून जांभया देत होता. पत्रे निघाले होते. सूनबाई पलीकडे कुंडाजवळ उभी, काका खड्ड्यात, चाक माझ्या मांडीवर. साहेबांचा शर्ट नेहमीपेक्षाही पांढरा होता. मुद्दामच घातला असणार.

पंप सुरू झाला. पाणी उठलं, मधोमध आलं, आणि मग पहिल्यांदाच पुढे गेलं, जिथे आम्ही कोणी त्याला जाताना पाहिलं नव्हतं तिथे. वाकलं, उतरलं आणि कुंडाच्या मधोमध पडलं. सूनबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी चाकावरची पकड थोडी सैल केली. थोडीच, कारण साहेब निघाले होते.

त्यांनी पायवाटेवर पाऊल ठेवलं मात्र, झुडपातून काका कासावीस होऊन ओरडले, "ताई! चाक! चाक द्या!"

मी जागची हलले नाही. त्या क्षणी ते चाक त्यांच्या हाती लागलं असतं, तर त्यांनी साहेबांच्या काळजीने पाणी खाली घेतलं असतं आणि ते बरोब्बर साहेबांच्या डोक्यावर आलं असतं. मी चाक घट्ट कवटाळलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, "छान हवा आहे नाही आज?"

साहेब मध्यावर थांबले. वर पाहिलं. तळहात पसरून बघितला. मग पलीकडे जाऊन त्यांनी आधी डावी बाही तपासली, मग उजवी, मग सूनबाईला पाठ दाखवून विचारलं, "मागे काही पडलंय?"

"काही नाही, सर."

साहेब आले तसे परत फिरले आणि पुन्हा एकदा कमानीखालून गेले. तपासणी म्हणून, असं ते म्हणाले. मग फाटकाकडे बघून त्यांनी हात हलवला. "गाडी परत न्या. माती नको."

माझ्या जिवात जीव आला. गाडी गेली आणि लोक पायवाटेवर तुटून पडले. रांग फाटकापर्यंत आली. काका झुडपातून बाहेर आले, कारण चाक नाही म्हटल्यावर खड्ड्यात करायचं काय? ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि मला एकदम लख्ख कळलं. या माणसाने आपलं कारंजं समोरून कधी पाहिलंच नव्हतं. ते चालू असताना हे कायम मागे, खड्ड्यात, फांद्यांच्या फटीशी. समोर आले असते तर चाक कोणी धरलं असतं?

आणि आता रांगेत उभे राहूनही त्यांचा नंबर काही लागत नव्हता. मागून कोणी आलं की काका बाजूला होऊन म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे." मी ते थोडा वेळ पाहिलं. मग खिडकी धाडकन बंद केली, बाहेर गेले, त्यांच्या दंडाला धरलं आणि सगळ्यांना ओलांडून त्यांना थेट कमानीच्या तोंडाशी नेऊन सोडलं. रांगेतले लोक कुरकुरले. कुरकुरू देत.

काका आत गेले. मध्यावर पोहोचले. वर पाणी वळत होतं, उन्हात चमकत होतं, आणि त्यांच्यावर एक थेंबही पडत नव्हता. ते थांबले. टोपी काढून हातात घेतली आणि मान मागे टाकून बघत राहिले. माझे डोळे भरून आले. ते मी कोणाला कळू दिलं नाही. रांग खोळंबली. मुलं चुळबुळ करायला लागली, मागच्यांनी माना उंचावल्या, आणि तिसऱ्यांदा तपासणीला आलेले साहेबही त्यातच अडकले.

"काका, अहो चला की पुढे!" साहेब म्हणाले.

"थांबा जरा," काका वर बघतच म्हणाले. "मी बघतोय."